शफल दाबूनही तीच तीच गाणी का येतात? स्वतःच्या संग्रहातली विसरलेली गाणी परत ऐकण्याची पद्धत

मी रोज सकाळी मुलुंडहून स्लो लोकल पकडते, घाटकोपरला उतरते आणि तिथून मेट्रोने चकाल्याला ऑफिसला जाते. सगळा मिळून पाऊण तासाचा प्रवास. कानात इअरफोन, फोनमध्ये घरच्या हार्ड डिस्कवरून कॉपी केलेली गाणी, आणि प्लेअरमध्ये शफल चालू.

प्लेअर सांगतो की फोनमध्ये ९,४१२ गाणी आहेत. बाबांनी कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलेली भावगीतं आणि नाट्यगीतं, दादाच्या कॉलेजच्या काळातल्या एमपी३ सीडी, माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जमलेला पसारा, असं सगळं त्यात आहे. तरी गेल्या वर्षी एकदा विक्रोळीला गाडी थांबलेली असताना लक्षात आलं की हे गाणं आपण याच आठवड्यात दुसऱ्यांदा ऐकतोय. नऊ हजारांतून तेच गाणं पुन्हा? मला वाटलं ॲपच गंडलंय.

ॲप गंडलेलं नव्हतं, माझी समजूत चुकीची होती. शफल लावलं की हळूहळू सगळा संग्रह ऐकून होईल असं आपण धरून चालतो, आणि ते तसं होत नाही. या लेखात आपण बघू की शफल आतून कसं चालतं, त्याने मोठा संग्रह का उघडत नाही आणि विसरलेली गाणी खरोखर परत ऐकायची असतील तर काय करायचं. तुमच्याकडे फाइल्स नसतील, फक्त स्ट्रीमिंग ॲपवरची लाइक केलेली गाणी असतील, तरी शेवटचा भाग तुमच्यासाठी आहे.

रँडम आणि शफल: हाऊजीची पिशवी

गणपतीत सोसायटीत हाऊजी खेळला असालच. पिशवीत १ ते ९० आकडे. एक आकडा काढला, पुकारला आणि बाजूला ठेवला. तो परत पिशवीत जात नाही, म्हणून तो दुसऱ्यांदा येऊच शकत नाही. ९० वेळा हात घातला की ९० आकडे संपतात. याला म्हणायचं शफल.

आता समजा पुकारणाऱ्याने प्रत्येक आकडा वाचून परत पिशवीत टाकला. मग ४७ लागोपाठ दोनदाही येऊ शकतो, आणि एखादा आकडा तासभर येणारच नाही. हे झालं नुसतं रँडम. प्रत्येक वेळी नव्याने चिठ्ठी काढायची, आधी काय निघालं ते लक्षात ठेवायचं नाही.

बहुतेक चांगले प्लेअर पहिल्या प्रकारे चालतात. त्यासाठीची पद्धत बरीच जुनी आहे. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये ती कागद-पेन्सिलने करण्यासाठी मांडली, आणि १९६४ मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी तिचं कॉम्प्युटरला सोपं जाईल असं रूप दिलं. प्रोग्रामर तिला 'फिशर-येट्स शफल' म्हणतात. ती अशी:

१. सगळ्या गाण्यांची यादी घ्या.
२. यादीतलं कुठलंही एक गाणं चिठ्ठी टाकून निवडा आणि शेवटच्या जागेवरच्या गाण्याशी त्याची अदलाबदल करा. शेवटची जागा पक्की झाली.
३. आता शेवटची जागा सोडून उरलेल्यांतून एक निवडा आणि शेवटून दुसऱ्या जागी ठेवा.
४. असं करत पहिल्या जागेपर्यंत या.

गाणी ९,४१२ असोत की ९०, एका फेरीत यादी पूर्ण पिसली जाते आणि कुठलाही क्रम लागण्याची शक्यता सारखीच राहते. कोड पाच-सहा ओळींचा आहे. मग घोळ कुठे होतो?

घोळ इथे आहे: आपण रोज नवी पिशवी भरतो

मी रोज सकाळी काय करत होते? ॲप उघडायचं, 'ऑल साँग्ज'मध्ये जायचं, शफल दाबायचं. पाऊण तासात साधारण ९ गाणी होतात, येताना परत ९. म्हणजे दिवसाला १८.

पण नव्याने शफल दाबलं की प्लेअर जुनी पिसलेली यादी फेकून देतो आणि नवी तयार करतो. कालचे १८ आकडे परत पिशवीत. एकाच दिवसात गाणं दोनदा येणार नाही ही हमी खरी, पण ती त्या एका यादीपुरतीच. आज आणि काल यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. हाऊजीच्या पहिल्या १८ आकड्यांनंतर रोज खेळ मोडून नवा सुरू करावा, तसं हे झालं.

याचे दोन परिणाम होतात.

पहिला, गाणी लवकर परत येतात. तुम्ही 'बर्थडे पॅराडॉक्स' ऐकला असेल: लेडीज डब्यात कुठल्याही २३ जणी असल्या तर त्यांतल्या निदान दोघींचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. वर्षात ३६५ दिवस असूनही २३ पुरतात, कारण आपण एका ठरावीक तारखेशी जुळवत नाही, प्रत्येकीची प्रत्येकीशी जोडी लावतो. गाण्यांचंही तसंच. ९,४१२ गाण्यांतून रोज नव्याने शफल करून १८ ऐकली, तर सात दिवसांत निदान एक गाणं दुसऱ्यांदा येण्याची शक्यता सुमारे ५१ टक्के निघते. विक्रोळीला मला जे 'ॲप गंडलंय' वाटलं, ते दर दुसऱ्या माणसासोबत घडणारच होतं.

दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे. गाणी न पुसता एकच यादी पुढे पुढे ऐकली असती तर ९,४१२ भागिले १८, म्हणजे ५२३ दिवसांत सगळा संग्रह एकदा ऐकून झाला असता. ऑफिसचे दिवस धरले तर दोन वर्षांहून थोडं जास्त. पण रोज नवं शफल दाबून तेवढेच ५२३ दिवस काढले तर किती गाणी एकदाही वाजणार नाहीत? सुमारे ३७ टक्के. जवळपास ३,४६० गाणी. दोन वर्षं रोज ऐकून एक तृतीयांशाहून जास्त संग्रह अजून कोराच.

आणि असंच चालू ठेवून शेवटचं गाणंही वाजावं अशी वाट बघायची ठरवली तर? गणितात याला 'कूपन कलेक्टर'चा प्रश्न म्हणतात. वेफर्सच्या पाकिटातले सगळे स्टिकर जमवताना शेवटचे दोन काही केल्या मिळत नाहीत, तोच हा प्रश्न. आपल्या आकड्यांना सरासरी ९१,००० हून जास्त वेळा गाणं वाजवावं लागेल, म्हणजे रोज १८ प्रमाणे सुमारे २० वर्षं. तोवर मुलुंडच्या प्लॅटफॉर्मचे नंबर किती वेळा बदलतील देव जाणे.

त्यात आपली अजून एक सवय मिसळते: ओळखीचं नसलेलं गाणं पाच सेकंदांत स्किप करायची. विसरलेलं गाणं सुरुवातीला अनोळखीच वाटतं. म्हणजे ज्याला शोधायचंय तेच समोर आलं की आपण त्याला हाकलतो.

सगळ्यात सोपा उपाय इथेच लिहून ठेवते. एकदा शफल करा आणि मग रोज फक्त 'प्ले' दाबा. प्लेअर जिथे थांबला होता तिथून पुढे जाईल. अडचण एवढीच की मध्ये कधी दुसरं गाणं शोधून वाजवलं, की बऱ्याच ॲपमध्ये ती यादी पुसली जाते. म्हणून पुढची पद्धत लागते.

'रँडम वाटणं' आणि रँडम असणं

कंपन्यांनाही ही तक्रार नवीन नाही. ॲपलने २००५ मध्ये जानेवारीत आयपॉड शफल आणला. त्याला स्क्रीनच नव्हता आणि छोट्या मॉडेलमध्ये सुमारे १२० गाणी मावायची. १२० गाण्यांत शफल मस्त चालतं, कारण आठवडाभरात सगळी येऊन जातात. पण मोठ्या संग्रहावर लोक म्हणायला लागले की एकाच गायकाची गाणी लागोपाठ येतात, यात काहीतरी गडबड आहे. त्याच वर्षी आयट्यून्स ५ मध्ये 'स्मार्ट शफल' आलं: गाणी जास्त रँडम वाटावीत म्हणून ती मुद्दाम कमी रँडम करायची सोय.

स्पॉटिफायच्या इंजिनिअर्सनीही २०१४ मध्ये जाहीरपणे लिहिलं की आधी ते फिशर-येट्स वापरत होते, लोकांना ते रँडम वाटेना, म्हणून त्यांनी पद्धत बदलली. नव्या पद्धतीत एका गायकाची गाणी यादीभर साधारण सारख्या अंतरावर पसरवतात. ५० गाण्यांत एकाची ५ असतील तर दर दहा गाण्यांमागे एक, थोडं पुढेमागे करून.

खरं तर लागोपाठ येणं हेच रँडम असतं. तुमच्या संग्रहात दहातलं एक गाणं लता मंगेशकरांचं असेल, तर १८ गाण्यांच्या दिवसात लताबाईंची दोन गाणी लागोपाठ येण्याची घटना साधारण सहा दिवसांतून एकदा घडणारच. पण गाणी पसरवल्याने फक्त कान सुखावतो. जे गाणं दहा वर्षांत वाजलं नाही ते वाजण्याची शक्यता त्याने वाढत नाही.

पायरी १: आधी मोजा की तुमच्याकडे नक्की काय आहे

पद्धत लावायच्या आधी मी हार्ड डिस्कवरच्या सगळ्या ऑडिओ फाइल्स प्रकारानुसार मोजल्या. प्लेअरमध्ये ९,४१२ दिसत होती. डिस्कवर ९,६५५ निघाली. २४३ फाइल्स प्लेअरला दिसतच नव्हत्या.

त्यातल्या १८७ डब्ल्यूएमए होत्या. विंडोजवर सीडी कॉपी केली की पूर्वी आपोआप हा प्रकार तयार व्हायचा, आणि अँड्रॉइडवरचे अनेक प्लेअर तो वाजवत नाहीत. उरलेल्या ५६ होत्या एएमआर. जुन्या साध्या फोनमधलं व्हॉइस रेकॉर्डर याच प्रकारात रेकॉर्ड करायचं. बाबांचा जुना फोन कधीतरी कॉम्प्युटरला जोडून मी सगळं एका फोल्डरमध्ये ओतलं होतं आणि विसरून गेले होते.

त्या ५६ मी व्हीएलसीमध्ये उघडल्या. बहुतेक खिशात चुकून दाबलं गेलेलं रेकॉर्डिंग, बाजारातला आवाज, कुणाचा तरी पत्ता. एक फाइल दोन मिनिटं चौदा सेकंदांची होती. बोरिवलीच्या घरी आजी तांदूळ निवडताना भूपाळी गुणगुणतेय. मागे कुकरची शिट्टी होते, मध्येच ती गाणं थांबवून कुणाला तरी गॅस बारीक करायला सांगते आणि जिथे सोडलं तिथूनच पुढे गाते. फाइलवर तारीख २०११ ची. आजी २०१६ मध्ये गेली. तिचा गातानाचा आवाज आमच्याकडे कुणाकडेच नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

एएमआर हा प्रकार फोनवरच्या बोलण्यासाठी बनलाय. सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतो, म्हणून ४,००० हर्ट्झच्या वरचं काही त्यात राहतच नाही. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. अख्खी फाइल दोनशे केबीच्या आसपास, एका एमपी३ गाण्याच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी. पण आहे. शफल जन्मभर दाबलं असतं तरी ती आली नसती, कारण ती पिशवीतच नव्हती.

म्हणून ही पायरी सोडू नका:

• जुने फोन, मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह, सीडी हे सगळं एका फोल्डरमध्ये कॉपी करा. कट-पेस्ट नको, कॉपीच करा.
• फाइल मॅनेजरमध्ये फाइल्स प्रकारानुसार लावा. एमपी३ सोडून डब्ल्यूएमए, एएमआर, ३जीपी, एम४ए, वेव्ह काय काय आहे ते बघा.
• न वाजणाऱ्या फाइल्स व्हीएलसीमध्ये उघडून बघा. कॉम्प्युटर आणि फोन दोन्हींवर ते फुकट आहे आणि जवळपास सगळे प्रकार वाजवतं.
• प्रकार बदलून नवी फाइल केलीत तरी मूळ फाइल ठेवा.

पायरी २: टॅग नीट करा

१९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं रेकॉर्ड झालं. त्या काळी तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या लोकांना गायिका कोण हे कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायच्या. म्हणजे माहिती गाण्याच्या शेपटीला जोडलेली.

एमपी३ मध्ये अगदी हेच झालं. १९९६ मध्ये आलेल्या आयडी३ टॅगच्या पहिल्या आवृत्तीत माहिती फाइलच्या शेवटच्या १२८ बाइट्समध्ये असते: गाण्याचं नाव ३०, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३०, प्रकार १, आणि सुरुवातीची ३ अक्षरं ही खूण म्हणून.

मराठी माणसाची पंचाईत इथेच होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रा-अनुस्वारालाही, ३ बाइट्स लागतात. 'लता मंगेशकर' यात अशी १० चिन्हं आणि एक मोकळी जागा आहे, म्हणजे ३१ बाइट्स. जागा ३० ची. एका बाइटने नाव बसत नाही! शिवाय या आवृत्तीत लिपी कोणती हे सांगायची सोयच नव्हती, म्हणून जुन्या फाइल्सवर प्रश्नचिन्हं किंवा विचित्र अक्षरं दिसतात. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये, म्हणजे आयडी३व्ही२ मध्ये, हा प्रश्न सुटला. टॅग २.३ किंवा २.४ मध्ये सेव्ह केले की देवनागरी व्यवस्थित दिसते.

टॅग का महत्त्वाचे? कारण प्लेअर माणसं ओळखत नाही, अक्षरं ओळखतो. माझ्याकडे सुधीर फडके पाच वेगवेगळ्या नावांनी होते: देवनागरीत एकदा, रोमन लिपीत दोन स्पेलिंगांनी, एकदा नुसते 'बाबूजी' आणि एकदा 'अननोन आर्टिस्ट'. प्लेअरच्या लेखी ते पाच गायक.

विंडोजवर एमपी३टॅग हे सॉफ्टवेअर एकावेळी शेकडो फाइल्सचे टॅग बदलू शकतं. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे त्यापुढे जाऊन गाण्याच्या आवाजाचा ठसा काढतं आणि ऑनलाइन यादीशी जुळवून नाव सुचवतं. मात्र जुनी मराठी गाणी सगळीच तिथे सापडतील असं नाही, आणि सुचवलेलं नाव डोळे झाकून स्वीकारू नका. घरात विचारा. 'ट्रॅक ०७' नावाची चाळीस गाणी आईने एका रविवारी दुपारी भाजी निवडता निवडता ओळखली.

यादी करणं हा कंटाळवाणा उद्योग वाटतो, पण संग्रह त्यानेच जिवंत राहतो. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था मुंबईतच १९९० मध्ये सुरू झाली. त्यांच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या अंकांमध्ये कलाकारांच्या तबकड्यांच्या याद्या छापून यायच्या. कुठल्या तबकडीवर काय आहे हे लिहिलेलंच नसेल तर ती असूनही कुणाला सापडत नाही.

पायरी ३: एकाच गाण्याच्या अनेक प्रती काढा

शफल फाइल मोजतं, गाणं नाही. एका गाण्याच्या तुमच्याकडे सहा फाइल्स असतील तर ते वाजण्याची शक्यता सहापट. 'तेच तेच गाणं येतं' याचं निम्मं उत्तर कित्येकदा हेच असतं. आणि नेमकी आवडती गाणीच आपण पुन्हा पुन्हा कॉपी करतो.

डुपगुरूसारखं सॉफ्टवेअर तंतोतंत सारख्या फाइल्स शोधतं, टॅग जुळवूनही शोधतं. १२८ केबीपीएसची आणि ३२० केबीपीएसची प्रत कॉम्प्युटरला वेगळी वाटते, म्हणून टॅग आधी नीट करायचे. आणि डिलीट करण्याआधी दोन्ही ऐका. मैफिलीतलं गाणं आणि तबकडीवरचं गाणं यांचं नाव एकच असलं तरी ती दोन वेगळी गाणी आहेत.

पायरी ४: आठवड्याची ९० गाण्यांची पिशवी

आता मुख्य पद्धत. शफलला आठवण नसते, म्हणून ती आपण द्यायची. त्यासाठी दोन गोष्टींची नोंद लागते: गाणं किती वेळा वाजलं आणि शेवटचं कधी वाजलं. कॉम्प्युटरवर म्युझिकबी, आयट्यून्स, फूबार२००० हे प्लेअर ही नोंद ठेवू शकतात आणि तिच्यावरून आपोआप प्लेलिस्ट बनवतात. फूबारमध्ये त्यासाठी एक छोटा जोड भाग टाकावा लागतो. फोनसाठी प्लेअर निवडताना 'प्ले काउंट' आणि 'लास्ट प्लेड' आहे का ते बघा.

मी आठवड्याला पाच दिवस, रोज १८, म्हणजे ९० गाणी ऐकते. हाऊजीइतकीच! दर रविवारी ९० गाण्यांची एक प्लेलिस्ट बनते:

• ६० गाणी कधीच न वाजलेली (प्ले काउंट शून्य), चिठ्ठी टाकून निवडलेली.
• २० गाणी एक वर्षाहून जास्त काळ न वाजलेली, त्यातही सगळ्यात जुनी आधी.
• १० गाणी आवडती. ही हवीतच, नाहीतर बुधवारी कंटाळा येतो आणि आपण सगळंच सोडून देतो.

नियम दोनच. एक, नव्वद सेकंदांच्या आत स्किप करायचं नाही. आपल्या कित्येक गाण्यांत सुरुवातीचं वाद्यांचं वाजणं संपून आवाज सुरू व्हायलाच तेवढा वेळ लागतो. दोन, आवडलं नाही तरी डिलीट करायचं नाही, फक्त एक तारा द्यायचा. पुढच्या वर्षी आवडेल कदाचित.

प्लेअर बदलायचा नसेल तर फोल्डरवरही काम होतं. 'न ऐकलेली' आणि 'ऐकलेली' असे दोन फोल्डर करा. रविवारी पहिल्यातून ९० गाणी फोनमध्ये घ्या, पुढच्या रविवारी ती दुसऱ्यात हलवा. काढलेला आकडा पिशवीत परत टाकायचा नाही, एवढंच तत्त्व.

सहा महिन्यांत माझी दीड हजाराहून जास्त न ऐकलेली गाणी ऐकून झाली. त्यातली बरीचशी विसरण्याच्याच लायकीची होती, हेही सांगते. पण बाबांच्या कॅसेटमधली काही नाट्यगीतं आता माझ्या १० आवडत्यांत आहेत, आणि साकीनाक्याला मेट्रोत उभी असताना ती कानात पहिल्यांदा वाजली हे मला लक्षात आहे.

काय शफल करू नये?

काही गोष्टी क्रमानेच ऐकायच्या असतात. सगळ्यात चांगलं उदाहरण गीतरामायणाचं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक अशी ५६ गाणी. ती शफलमध्ये टाकलीत तर रामजन्माआधीच लंका जिंकून होते. अशा अल्बमसाठी वेगळा फोल्डर करा. आयट्यून्समध्ये प्रत्येक गाण्याला 'शफल करताना वगळा' अशी सोयही आहे. दोन-तीन भागांत तोडलेली रागाची रेकॉर्डिंगं, कीर्तनं, ऑडिओ नाटकं यांनाही हेच लागू.

माझ्याकडे फाइल्स नाहीत, फक्त लाइक केलेली गाणी आहेत

तत्त्व तेच.

• यादी 'ॲड केल्याच्या तारखेनुसार' लावा आणि तळाशी जा. तीन-चार वर्षांपूर्वी लाइक करून विसरलेली गाणी तिथेच पडून असतात.
• तिथली ९० गाणी एका नव्या प्लेलिस्टमध्ये टाका. ऐकलं की त्या प्लेलिस्टमधून काढा. प्लेलिस्ट रिकामी झाली की पुढची ९०.
• स्पॉटिफायवर 'स्मार्ट शफल' चालू असेल तर बंद करा. २०२३ मध्ये आलेली ही सोय तुमच्या यादीत बाहेरची सुचवलेली गाणीही मिसळते. नवीन शोधायला ती छान आहे, स्वतःचं जुनं शोधायला नाही.
• तुमची यादी लिहून ठेवा, निदान स्क्रीनशॉट काढून. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं, भारतात रेसो जानेवारी २०२४ मध्ये आणि विंक म्युझिकही त्याच वर्षी. ॲप गेलं की वर्षानुवर्षं जमवलेली यादीही त्याच्यासोबत जाऊ शकते.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: बॅकअप

ही सगळी मोजदाद संपल्यावर तिसऱ्याच आठवड्यात आमची जुनी हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली आणि नंतर उघडलीच नाही. कॉपी आधीच झाली होती म्हणून वाचलो.

नियम सोपा आहे, ३-२-१: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. दहा हजार गाणी सरासरी ५ एमबीची धरली तरी ५० जीबी होतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात मावतात. एक प्रत माझ्या लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक कार्ड बोरिवलीला मामाच्या कपाटात.

आजीची ती फाइल आता वेगळ्या नावाने, टॅगसकट ठेवलीये. कलाकाराच्या जागी तिचं पूर्ण नाव, वर्षाच्या जागी २०११. मी ती आईला ऐकवली तेव्हा तिने दोन मिनिटं काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "अगं, गॅस बारीक कर असं मलाच सांगत होती ती."

ही एक फाइल मी शफलमध्ये टाकलेली नाही. बाकीच्या पिशवीत या रविवारी हात घालून बघा. आणि सुरुवात घरातल्या सगळ्यात जुन्या फोनपासून करा.